शून्य पूर्णांक एक्क्याऐंशी

सान नदीकाठच्या कारखान्याला
मी गुण दिले: शून्य पूर्णांक एक्क्याऐंशी.
माणसं, वीज, भांडवल आत;
तोफगोळ्यांची कवचं बाहेर.
उरलेले एकोणीस शतांश शोधायला
वॉर्सोहून पहाटेच्या गाडीनं आलो.

बोगुमिला पाखुल्स्का
तेवीस वर्षं एकाच लेथवर.
लेथ तिच्याहून थोरला.
कवच कानाशी धरून ती टिचकी मारते,
नाक मुरडते, बाजूला ठेवते.
मोजमापाचं यंत्र तेच सांगतं,
जरा उशिरा.

यंत्रांचं वय, मी लिहिलं.
सरकारी मालकी. निर्यातीचा वाटा.
ऑर्डर वर्षातून एकदाच, तीही डिसेंबरात,
मग वसंतापर्यंत नुसत्या रात्रपाळ्या.
पोलादाचा ट्रक दोन दिवस गेटवर उभा,
कारण सही करणारे साहेब मासे धरायला गेलेले.
याला माझ्या समीकरणात रकाना नव्हता.

अकराला पट्टे थांबले.
थर्मासमधलं बीटाचं सार तिनं झाकणात ओतलं,
माझ्यापुढं सरकवलं.
‘हेही धरा वाया गेलेल्या वेळात.’

मग सहज विचारलं,
‘पूर्ण एक गुणाचा कारखाना पाहिलाय?’
पाहिला होता. दिवे मालवून चालतो,
आत कुणी खोकत नाही.
‘आणि तिथला माल जिथं जाऊन पडतो,
ते कुणाच्या खात्यात?’

परतीच्या गाडीत आकडा पुन्हा तपासला.
बरोबर होता.
उत्पादनाचा रकाना गेटपाशीच संपत होता.
खिडकीच्या काचेला कान लावून
मी टिचकी मारून पाहिली.
मला काही कळलं नाही.