करडईवरचा मावा

एकास एक म्हणजे
जेवढा किडा तेवढाच आत उमटतो.
तांदळाला तांदूळ.
लेन्स त्यापुढं जात नाही,
कंपनीनं तिथंच हात टेकलेत.

पण मावा तांदळाएवढाही नसतो.
करडईच्या शेंड्याला कुणी काजळाची बोटं पुसल्यागत
चिकटून बसलेलं असतं अख्खं खानदान,
आणि माझ्या फोटोत येतात
डांबराचे थेंब.

नांदेडला, वजिराबादेत, रफिउद्दीनभाईंनी
तीन नळ्या टेबलावर ठेवल्या.
बारा, वीस, छत्तीस.
मी एकीतून आरपार बघितलं,
तर पलीकडं भिंतीवरचं कॅलेंडर.
"काच कुठंय?"
"काच नाही. आत काहीच नाही."
"मग पैसे कशाचे?"
"रिकाम्या जागेचे," म्हणाले,
आणि दोनशे कमी केले.

तिन्ही जोडल्या तर पावणेदोनपट.
तेवढ्यानं भागेना, म्हणून
वडिलांच्या जुन्या कॅमेऱ्याची पन्नासची लेन्स
उलटी करून पुढं बसवली.
ज्या तोंडानं त्यांनी सेलूतली निम्मी लग्नं बघितली
ते तोंड आता माझ्याकडं,
पाठ किड्याकडं.

मीही वीस वर्षं लग्नंच केली.
"जरा मागं सरका, मामा कटतायत,
आत या, आत या, सगळे बसले पाहिजेत."
इथं उलटं.
जेवढं मोठं करावं तेवढं बाहेर ठेवावं लागतं.
शेत बाहेर, झाड बाहेर, पान बाहेर,
डोळा धरला की पाय धूसर,
पाय धरला की डोळा गेला,
आणि श्वास घेतला की सगळंच गेलं.

पौषातली पहाट. बोरीचा रस्ता.
थंडीनं किडे आखडलेले असतात तोवरच काय ते.
डाव्या मुठीत करडईचं बोंड, काट्यांसकट,
त्याच मुठीवर लेन्स टेकवलेली.
किड्यात आणि काचेत दोन बोटंही अंतर नाही.
नळ्यांनी उजेड पिऊन टाकलेला,
म्हणून फ्लॅशच्या तोंडाला दह्याचा डबा कापून बांधलाय.

"काय हरवलं व्हय रं?"
मथुरामावशी. शेत तिचं.
तिची कंबर धरली की माझ्याच दारात येते,
उंबऱ्यावर पालथी पडते, मी टाच लावतो,
चहा पिऊन जाते.
"काही नाही मावशी, बघायलोय."
"बघ बघ," म्हणाली. "काटं लई हैत."

काळोखात भटकत होतो.
कुसळांचं रान, एक चकाकता थेंब, पुन्हा कुसळं.
मग ती आली चौकटीत,
तपकिरी, ढेरपोटी, सोंड देठात खुपसलेली,
आणि तिच्या मागून
आणखी एक ती,
बारीक, ओली, लालसर,
सहा पाय अंगाशी घडी घालून
बाहेर येत होती.
नर नाही, अंडं नाही, आरडाओरडा नाही.
आई तेवढ्यातही रस ओढत होती.

मी श्वास धरला. किती वेळ, माहीत नाही.
बेचाळीस फोटो. त्यातले दोन धड.

मावशीला बोलावून मागचा पडदा दाखवला.
पदराचं टोक नाकाला लावून
ती वाकून बघत राहिली.
बाळंतपणं केलेली बाई.
"आगं बया," म्हणाली, "ढुंगण पुढं. डोस्कं आजून आतच हाय."
मग माझ्याकडं बघितलं, माझ्या पायांकडं बघितलं.
"पायाळू हाय की रं."

"सगळेच असतात मावशी. आत्ता तीन बघितले."

"सगळेच?"
तिनं जरा इचार केला.
"मंग ह्येंच्यात कुणाची कंबर धरत नसंल."

हसली. कमरेवर हात ठेवून सरळ झाली, हळूहळू,
आणि बांधाकडं गेली.
बांधावर पंप धुवून पालथा घातलेला होता,
शेजारी औषधाची बाटली, अजून न फोडलेली.

दिवस वर आला तसा मावा हलायला लागला.
मी उलटी लेन्स सुलटी केली,
नळ्या एकेक काढल्या, फुंकर मारली.
आत काही नव्हतंच.
मुठीतले काटे मात्र
घरी येऊन, चष्मा लावून, सुईनं काढावे लागले.