फेरी

चाक डावीकडं आहे या गाडीचं.
मी बसलोय उजवीकडं,
सतरा वर्षं टिपर हाकला त्याच बाजूला,
आणि पुढ्यात काही नाही.
हातमोज्यांचा खण, त्यावर इटालियन अक्षरं,
नाण्याएवढा एक संत, चुंबकानं चिकटलेला.

एर्मेलिंदाबाय पट्टा ओढून बघते.
वय अडुसष्ट. चांदरची दातांची डॉक्टर.
गिअर असा धरते, जशी हलणारी दाढ.
"सोयरू, सांगत जा रे," म्हणते.
"रस्ता तुझा."

रस्ता माझा.
रिवणच्या वरच्या अंगाला, बंद खाणीतला.
हौशी पोरांनी डांबर घातलं, टायर रचले,
वळणांना आकडे दिले, एक ते नऊ.
तिसऱ्याला आम्ही विठूचा माड म्हणायचो.
माड कधीच गेला. विठू त्याच्याआधी.
वजनकाट्याच्या खोलीत आता भाड्यानं हेल्मेटं मिळतात.

झेंडा पडला.

चार सिलिंडर, जशी पंचायतीची बैठक:
तीन हजारांपर्यंत नुसती कुरकुर,
आणि मग एकाएकी ठराव पास.

पहिली फेरी जपून, टायर थंड.
दुसऱ्या गिअरचा सिंक्रो गेलाय कधीचा,
डबल क्लच मीच शिकवला तिला, गॅरेजमागच्या मैदानात.
क्लच, न्यूट्रल, क्लच सोड,
ॲक्सिलरेटरला एक ठोकर, पुन्हा क्लच.
दहा टन माल घेऊन उतरताना
यावरच जीव टांगलेला असायचा.
ही गाडी तर एक टनाचीही नाही.

"आता?"
"नाही."
"आता?"
"नाही गे बाय. डावीकडं काजूचं खोड दिसू दे."

माझा उजवा पाय खाली दाबतो.
तिथं ब्रेक नाही, रबरी चटई आहे.
चटई दाबतो तरी.

खोड दिसलं. तिनं पाय टाकला.
लाल धुळीवर शेपूट निसटली थोडी,
तिनं चाक उलट दिलं, अगदी सुईभर,
नस चुकवून सुई फिरवावी तसं,
आणि गाडी मुकाट सरळ झाली.

निळा झेंडा. मागून पिवळी पोर्शे.
हात दाखवला: जा बाबा, तुला घाई.

सातव्यावरून खाणीतलं पाणी दिसतं,
हिरवं, खोल, त्यात पायऱ्या उतरत गेलेल्या.
इथं डोंगर होता. आम्हीच नेला तो,
सावर्ड्याच्या धक्क्यावर, बार्जीत ओतला.
फेरीमागे पैसे, म्हणून पळायचो,
चहा न घेता, एकदा तर दिवसात अकरा.
आज तिनं पैसे भरलेत पळायचे.
पावती माझ्याच खिशात आहे.
घरी सांगितलं तर बायको विचारील, माल कुठला?

"पपांनी साठच्या वर नेली नाही कधी,"
ती वाऱ्यात ओरडते,
"लिस्बनहून बोटीनं आणली, आणि नेली कुठं?
मडगावला! मासळीला!
डिकीत पाणी सांडेल म्हणून हळू!"

चौथ्या फेरीला ब्रेकचं पेडल मऊ.
वास आला, जळक्या पोळीसारखा. ड्रम तापले.
पुरे, म्हणालो.
तिनं ऐकलं नाही.
ऐकलं, पण अर्ध्या फेरीनंतर.

थांबलो. तिचा हात हँडब्रेककडं गेला, मी अडवला.
तापल्या ड्रमवर ओढायचा नसतो, चिकटतो.
उतरलो, कडेचा दगड उचलला चाकामागे लावायला.
नारळाएवढाच.
विसरलो होतो, हा दगड किती जड असतो.

पोरानं कागदावर आमची वेळ आणून दिली.
तिनं चष्मा पुसला, वाचली, घडी केली.
"तुझ्या टिपरला किती लागायचा रे?"

"भरलेल्या," मी विचारलं, "की रिकाम्या?"