खालची ओळ

आमच्या बेटावर आडनाव नसतं.
बापाचं नाव, पुढे मुलगा नाहीतर लेक, संपलं.
म्हणून टेलिफोनची डिरेक्टरी पहिल्या नावानं लागायची,
आणि नावापुढे धंदा: खाटीक, होड्यांचा सुतार, चर्चचा ऑर्गनवाला.
धंदा कुणी तपासत नसे.
टपाल कचेरीतल्या फॉर्मवर
म्हाताऱ्या व्हेमुंदुरनं लिहून दिलं, ढगांचा हिशेबनीस,
आणि तसंच छापून आलं, तो मरेपर्यंत, दरसाल.

आमच्या खाडीकाठी स्टेनव्होर दोन.
स्टेनव्होर, केटिलची लेक, सुईण.
तिच्याच खाली
स्टेनव्होर, कोल्बेनची लेक, ट्रॅक्टर दुरुस्ती.
मधे केसभर कोरी जागा.

फेब्रुवारीतली रात्र, वीज गेलेली,
माझ्या बापाचं बोट तेवढं केसभर घसरलं.
पलीकडून जाड आवाज: काय बिघडलंय?
तो म्हणाला, कळा सुटल्यात.
ती क्षणभर गप्प.
मग: किती किती वेळानं?

तिनं बूट चढवले, ट्रॅक्टरला बर्फाचा नांगर जोडला,
वाटेत वरच्या ओळीला झोपेतून उठवून
पिशवीसकट शेजारी बसवलं
आणि खिंड फोडत आणली.
तोवर मी निम्मी बाहेर आले होते, असं आई सांगायची.
दिवा धरला तो कोल्बेनच्या लेकीनं.
माझ्या पहिल्या दुपट्यावर ग्रीसचा अंगठा होता,
धुऊन धुऊन पिवळा पडला, गेला नाही.

पुढच्या साली तिच्या नावापुढे:
ट्रॅक्टर दुरुस्ती, चुकून बाळंतपणही.
फोन वाढले. काही मुद्दाम चुकलेले.

जेवताना माझ्या बुडाखाली दोन सालं असायची.
थंडीच्या तोंडावर मेंढीच्या मांसाची वळकटी
फडक्यात आवळून आई त्याच पुस्तकांखाली दाबायची,
वर एक धोंडा.
डॉक्टरचा नंबर शोधावा तर हाताला मिऱ्यांचा वास.

आता पुस्तक येत नाही.
नाव नुसतं उच्चारलं की फोन नेमका तिथेच लागतो.

परवा सुईण गेली, नव्वदीची.
दफनाला कोल्बेनची लेक आली, काठी टेकत.
म्हटलं, आता तुम्ही एकट्याच स्टेनव्होर.
ती म्हणाली, वरची ओळ गेली की
खालची वर सरकते, दुसरं काय.
तुझी गाडी सुरू होताना खोकते.
उद्या घेऊन ये.