किनाऱ्यावरून

विधेयक माझ्या हाती आलं तेव्हा एकोणतीस पानांचं होतं,
फिकट झेरॉक्स, कणकवलीच्या दुकानात
पानं उलटसुलट लागलेली.
सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून वाचणं माझं काम.
खंड दोन, पोटखंड छ:
‘मच्छीमार म्हणजे नौकेने समुद्रात जाऊन
मासे पकडणारी व्यक्ती.’

शेवंती तारी समोर खारे बांगडे निवडत होती.
तिला वाचून दाखवलं.
हात न थांबवता म्हणाली, ‘मगे आमी कोण?’

कारण रापणीची होडी एकदाच जाते,
अर्धगोल जाळं सोडून परत येते.
पुढचे तीन तास साठ माणसं
दोन दोरांना लटकून वाळूत मागे मागे सरकतात,
घोट्यापर्यंत रुतलेली,
आणि त्यातलं कुणीही
समुद्रात गेलेलं नसतं.

फेब्रुवारीत समिती मालवणात आली.
विश्रामगृह, खडखडता पंखा, नऊ खासदार,
आणि एक दुभाषी, ज्याला ‘रापण’ म्हणताच घाम फुटला.
शेवंतीला तीन मिनिटं होती.
तिनं आधी तळवे पुढे केले.
मग म्हणाली, ‘माका पैशे नको, सायबानू.
एक शब्द घाला.’
लघुलेखकानं तळव्यांचं काय लिहिलं असेल?
मी अहवाल दोनदा चाळला. तळवे नाहीत.
परिच्छेद चार-सतरा मात्र आहे:
समितीचे असे मत आहे की
‘समुद्रात जाऊन’ यापुढे ‘किंवा किनाऱ्यावरून’ घालावे.

मत म्हणजे मतच. सरकारनं ते मसुद्यात घेतलं नाही.

खालच्या सभागृहात कुणीतरी दुरुस्ती दिली, क्रमांक अकरा.
आम्ही बर्फाच्या कारखान्यात टीव्ही लावून बसलो.
पावणेपाच वाजले होते, बाकं निम्मी रिकामी,
पीठासीन बाई एका दमात वाचत होत्या:
प्रश्न असा आहे की.
बाजूचे म्हणतील त्यांनी ‘हो’ म्हणावे.
विरोधी असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे.
नाहीवाल्यांचा आवाज मोठा, असं त्यांना वाटलं.
बाबल कुबल उठला, लुंगी झटकली,
‘ह्यो लिलाव झालो. आमच्या लिलावात
निदान मासे तरी दिसतत.’
अकरा गेली. खंड दोन विधेयकाचा भाग झाला.
मग तीन, मग चार,
मग सगळंच, बाकं वाजवून.

मला वाटलं संपलं.
शेवंतीला वाटलं नाही. म्हणाली,
दुसरो दोर अजून बाकी आसा.

रापणीत एकीकडचे जोरात ओढत राहिले
आणि पलीकडचे थांबले, तर जाळं तिरकं होतं,
मासळी बगलेतून निसटते.
हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.
मला नागरिकशास्त्रात बेचाळीस मार्क होते.

वरच्या सभागृहात तो म्हातारा सदस्य उभा राहिला
ज्यानं विश्रामगृहात विचारलं होतं,
जाळ्याचा आस किती बोटांचा.
तेच दोन शब्द पुन्हा मांडले.
मंत्री दमलेले दिसत होते. म्हणाले, स्वीकारतो.
विधेयक परत खाली आलं, एका कागदासकट,
चार मिनिटांत ‘हो’.
मग सही. मग राजपत्र,
ज्यावर आमच्या दोन शब्दांची शाई
बाकीच्या शाईसारखीच काळी.

ते पान सोसायटीत लावलंय, भरती-ओहोटीच्या कोष्टकाशेजारी.
शेवंतीला वाचता येत नाही, पण ओळ ठाऊक आहे.
तिथं बोटाचा तेलकट डाग पडलाय, बांगड्याचा वास येतो.

खंड एक, पोटखंड तीन मी तिला उशिरा वाचून दाखवला:
‘केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे नेमून देईल
त्या तारखेस हा अधिनियम अंमलात येईल.’
‘आणि तारीख?’
‘नाही आली अजून.’
तिनं पाटी डोक्यावर घेतली.
‘उद्या पाचाक ये. दक्षिणेच्या दोराक
माणसां कमी पडतत.’

गेलो.
दोर ओला होता, आणि वाटलं होतं त्याहून जड.