जोडा

शिष्टाचार विभागाची बाई पहिल्याच दिवशी म्हणाली,
दोन पावलं मागे, ओयार्स महाशय, आणि जरा डावीकडे.
मी विचारलं, कुणाची पावलं? तिची की माझी?
बाई हसली नाही. वहीत काहीतरी लिहिलं तिने.

तर मी मागे. दोन पावलांवरून
चेहरा दिसत नाही, टाचा दिसतात.
मला तेवढं पुरतं.
एकतीस वर्षं लिएपायात हेच करत आलोय,
सुजलेल्या, आखूड, वाकड्या पायांसाठी
बूट शिवतो. वेल्गाचा डावा पाय
उजव्यापेक्षा अर्ध्या मापाने मोठा आहे.
हे देशाच्या हेरखात्यालाही ठाऊक नसावं.

कुठल्याशा शिखर परिषदेत
सात पंतप्रधानांच्या सात बायका आणि एक मी,
आम्हाला चिनी मातीचा कारखाना दाखवला.
निघताना प्रत्येकीला रेशमी रुमाल, पेटीत,
वर सोनेरी फीत. मलाही.
फिकट जांभळा. चामड्याला चकाकी आणायला
त्याच्याइतकं चांगलं फडकं मला आजवर मिळालं नव्हतं.

पेपरात आमचा फोटो आला.
शेजारचा गुनार्स म्हणाला, जोडा छान दिसतोय.
म्हटलं, हो, वासराचं चामडं आहे,
टाच मुद्दाम बुटकी ठेवली.
मग कळलं, तो आम्हाला म्हणत होता.

हाच गुनार्स दोन बिअरनंतर
वहाण पायातच बरी, असंही म्हणतो
आणि बघत राहतो मला लागलं का.
मला लागत नाही. वहाण मी रोज हातात घेतो,
आत बोटं घालून बघतो, कुठे चावते ती.

बोललो एकदाच.
फेब्रुवारीत, बाजारात,
हातात धुरी दिलेल्या मासळीची पुडी.
एका पोरगेल्या बातमीदाराने विचारलं,
हाडांचा वॉर्ड बंद होतोय, तुमचं मत?
मला आउस्ट्रा आठवली, एक पाय चार सेंटिमीटर आखूड,
बर्फात रीगाच्या बसची वाट बघणारी.
म्हटलं, चूक आहे.

दोन शब्द. संध्याकाळपर्यंत त्यांना पंख फुटले.
पंतप्रधानांच्या घरातच बंड.
विरोधकांनी सभागृहात माझं नाव घेतलं,
नीट उच्चारून, पहिल्यांदाच.
तिच्या पक्षाचे म्हणाले, याला आवरा.
शिष्टाचारवाल्या बाईचा फोन आला,
व्यक्तिगत मत असायला हरकत नाही,
फक्त ते व्यक्तिगत ठेवा.

वॉर्ड एप्रिलमध्ये बंद झाला.
आउस्ट्रा अजून येते, माप द्यायला,
आणि भिंतीवरच्या वेल्गाच्या फोटोकडे
बघायचं टाळते, माझ्यासाठी.

पण ते नंतरचं. त्या शुक्रवारी वेल्गा
रात्री अडीचला आली. गाडी खाली थांबली,
दोन माणसं जिन्यात थांबली.
ती स्वयंपाकघरात बसली, कोट अंगावर तसाच.
मी सूप गरम केलं. ती ते नुसतं ढवळत राहिली.
कोण बोललं ते, तिने विचारलं,
तू, की माझा नवरा?

मला उत्तर आलं नाही.
आउस्ट्राचा बूटवाला बोलला, असं म्हणायला हवं होतं.
ते सोमवारी सुचलं, ती रीगाला गेल्यावर.

सूप निवलं. मग तिने उजवा बूट काढून
टेबलावर ठेवला, ब्रेडच्या शेजारी,
आमच्याकडे हा अपशकुन समजतात.
खिळा वर आलाय, म्हणाली. मंगळवारपासून.
मंगळवारपासून ती उभी होती,
तीन भाषणं, एक मतदान, कुणा जनरलची अंत्ययात्रा.
मोजा टाचेला चिकटलेला, रक्त सुकून काळं झालेलं.
एवढी माणसं तिच्या पुढे, मागे,
आणि दोन पावलांवर मी नव्हतो.

मी दिवा जवळ ओढला, हातोडी आणली.
ठकठक ऐकून जिन्यातली माणसं
धावत वर आली, हात कमरेशी.
वेल्गाने दार अर्धं उघडलं,
एका पायात बूट, एक पाय अनवाणी.
काही नाही, म्हणाली त्यांना,
आमचे यजमान काम करतायत.