तेहतीस केव्ही

विमान लाल आहे, लाकडाचं, दोन इंजिनांचं,
माझ्या आज्याच्या तरुणपणातलं.
उडण्याआधी पंख्याच्या पात्यांत
सायकलच्या पंपाने हवा भरायची.
हसू नका, तसंच होतं ते.
वेग आला की हवा आपोआप सुटते,
पाती नवा कोन धरतात
आणि जमिनीवर येईपर्यंत तोच.
हेमलता म्हणाली, म्हणजे तुमच्या बदलीसारखं,
एकदाच झाली, ती सावद्याला.

संगणक टेनूच्या बुडालेल्या सायबर कॅफेतला.
पायडलं मी केली, लुनाच्या दोन स्प्रिंगा घालून.
शर्यत लंडनहून मेलबर्नला. घड्याळ खरं, वारा खरा,
झोप ज्याची त्याने बघायची.
चोवीस जण. पुढे एक फिनलंडचा, एक बाई चिलीतली,
माझ्या शेपटीला न्यूझीलंडचा दातांचा डॉक्टर, रिटायर.
कराची सोडली तेव्हा मी चौथा.

पुढचा टप्पा अलाहाबाद.
नकाशावर पट्टी ठेवली तर सरळ रेघ, राजस्थानावरून.
रेघ मी पाहिली.
मग नाक उजवीकडे वळवलं.

खंबातची खाडी, तापीचं तोंड, मग नदी धरून वर.
नंदुरबार गेलं, कळलंही नाही.
शिरपूर, चोपडा, ही नावं मीच घेत होतो,
खाली नुसता हिरवट गालिचा,
कुठल्या तरी परमुलखातल्या शेताचा फोटो
कापून कापून जोडलेला.
डावीकडे सातपुडा मात्र बरोबर,
पालच्या अंगाला त्याच्या पाठीला बाक येतो, तोसुद्धा.
हतनूरचं पाणी जागच्या जागी.
मधले आम्ही तेवढे नव्हतो.

हेमलता कप घेऊन मागे उभी. पहाटेचे पावणेचार.
बाहेर केळीचा ट्रक गिअर बदलत चाललेला.
"काय करू राह्यले?"
"सावद्यावर आलो."
"घर दाखवा."
मी बोट टेकवलं. बोटाखाली अख्खं गाव गेलं,
भंगाळ्यांचा मळा गेला, कोचूरची वाट गेली.
"खाली घ्या ना जरा."

घेतलं. दोनशे फूट. शंभर. साठ.
या विमानातून समोरचं दिसत नाही,
नाक लांब, नाकात पेट्रोल,
बाजूला बघून अंदाज बांधायचा.
रेल्वेचे रूळ होते.
सुकी नदी होती आणि तिच्यात पाणी होतं,
जे तिच्यात नसतं.
खांब एकही नव्हता.
एकतीस वर्षं या शिवारात तारा ओढल्या,
कमरेला पट्टा, दातांत टेप,
खाली उभं राहून लोक विचारायचे, किती वेळ अजून?
त्यातला एक खांब नाही, एक चिमणी बसेल एवढी तार नाही.

आणि कोचूरच्या वळणापुढे
माझ्या हाताने दांडा एकदम मागे खेचला.
इंजिनं किंचाळली, कपातला चहा बशीत आला,
विमान उभंच्या उभं वर.
"काय झालं?"
"तेहतीसची लाईन आहे इथं."
तिने पडद्याकडे पाहिलं. मोकळं आभाळ.
मग माझ्या हाताकडे.
"हो," म्हणाली, "आहे ना."

अलाहाबादला चाकं खाली घेतली,
हातचक्र फिरवत, फेरे मोजत.
पाऊण तास गेला होता. नंबर अकरावा.
डॉक्टर केव्हाच पुढे. त्याने विचारलं,
भारंबे, होतास कुठे?
मी लिहिलं, समोरून वारा होता.

आता सिंगापूर.
पात्यांत पुन्हा हवा भरायची.
कळ दाबायची असते फक्त,
तरी दर दाबाला खांदा खाली जातो,
आणि मागचं चाक पंक्चर असल्यासारखा
मी मधूनच अंगठ्याने दाबून बघतो
टेबलाची कड.