पुस्तकातला सोमवार

शुक्रवारी सहाला, गनिसनच्या पेट्रोलपंपावर
आई मला उतरवायची, गाडी बंद न करता.
बाबा पलीकडे उगाचच काच पुसत उभे.
दोघांच्या मध्ये बर्फाच्या पिशव्यांचा फ्रीझर,
एकटाच गुरगुरणारा.
माझी बॅग ह्या डिकीतून त्या डिकीत.
"खोकल्याचं औषध बाजूच्या कप्प्यात आहे, वेन्डल."
"बरं."
झालं बोलणं.

रविवारी सहाला परत इथेच.
मधले अठ्ठेचाळीस तास घरात बसून काढायचे नाहीत
हे बाबांनी ठरवलेलं.
घर म्हणजे तरी काय,
मॉन्ट्रोजला टायरच्या दुकानावरची खोली,
उशीलासुद्धा रबराचा वास.
त्यापेक्षा रस्ता.

यूरे गावात पोचायचो तेव्हा दुपारीच संध्याकाळ.
गाव इतकं खोल की डोंगर आधी ऊन खातात,
उरलंसुरलं खाली टाकतात.
गरम पाण्याच्या कुंडात आम्ही गळ्यापर्यंत,
डोक्यावर बर्फ भुरभुरतोय,
माझ्या केसांच्या काड्या झालेल्या.
बाबा त्यातली एक हळूच टिचकीनं वाजवायचे.

पुढे सिल्व्हर्टनचा घाट.
डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला काहीच नाही.
"कठडा का नाही?"
"बर्फ ढकलायचा कुठे मग?"
हिवाळ्यात ते ह्याच रस्त्यावर नांगर चालवायचे,
बर्फाचा.
पहाटे तीनला, दिव्याच्या उजेडापुरता रस्ता दिसत असताना.
कठडा असता तर बर्फ रस्त्यावरच साठला असता, म्हणाले,
आणि मग कुणीच कुणाकडे पोचलं नसतं.
मी दरीकडे पाहिलं नाही.
गिअरवरच्या त्यांच्या हाताकडे पाहत राहिले,
त्यावर ग्रीसची एक रेघ होती, कधीच न जाणारी.

सिल्व्हर्टनला योलांडाच्या खानावळीत
हिरव्या मिरचीचा रस्सा, वर अंडं.
ती मला दर वेळी एक इयत्ता मागे ढकलायची.
"पाचवीत ना तू?"
"सहावीत."
"मग जास्त खा."

ऑक्टोबरातला एक शनिवार.
ब्लॅक कॅन्यनच्या काठावर वारा असा
की शब्द तोंडातून निघून थेट यूटाला जावेत.
खाली नदी, दोऱ्याएवढी. तिचा आवाज मात्र अख्खा.
रेंजर बेगे सांगत होते,
तळाशी काही ठिकाणी
दिवसातून तेहतीस मिनिटंच ऊन पडतं.
बाबांनी विचारलं, "आणि बाकीचा वेळ?"
बेगेंनी थोडा विचार केला.
"बाकीचा वेळ ट्राउट, मिस्टर हॉलिस."

आत, टेबलावर शिक्का. साखळीनं बांधलेला.
प्रत्येक उद्यानात आम्ही तो घ्यायचो
माझ्या निळ्या पुस्तकात.
त्या दिवशी बाबांनी बराच वेळ लावला.
चष्मा नाकाच्या शेंड्यावर,
अंगठ्यानं तारखेचं चाक फिरवतायत,
एक घर, आणखी एक.
मग जोर देऊन दाबला.
बेगे खिडकीतून बाहेर बघत होते,
बघण्यासारखं तिकडे पार्किंगशिवाय काही नव्हतं.
आम्ही निघाल्यावर
चाक मागे फिरवल्याची कुरकुर मला ऐकू आली.

हे सगळं मागच्या आठवड्यात आठवलं.
घर बदलताना निळं पुस्तक सापडलं,
शिक्क्यावर सोळा तारीख.
कुतूहल म्हणून त्या वर्षीचं कॅलेंडर काढलं.
सोळा म्हणजे सोमवार.

सोमवारी मी सलायडाला असायची. नेहमीच.
पहिला तास गणिताचा,
खिडकीतून मोनार्क खिंडीचा रस्ता दिसायचा,
आणि खिंडीपलीकडचं काही नाही.

बाबांना फोन लावला.
मागे टीव्हीवर हवामानाच्या बातम्या चालू.
"सोळा?" म्हणाले.
बराच वेळ नुसता टीव्हीच.
"चष्मा गाडीत राहिला असेल माझा."